दोन डब्या, एक बॅटरी

सत्याचा शोध घेणारा माणूस कधी मरत नाही. हे वाक्य माझे नाही. प्रल्हाद वाहुळेच्या शोकसभेत आमच्या कॉलेजच्या संचालकांनी ते दोनदा उच्चारले, दुसऱ्यांदा जरा सावकाश. प्रल्हाद त्याआधीच्या मंगळवारी पहाटे गेला होता. शकुंतलावहिनींचा फोन आला तेव्हा मी राऊ गावी त्याच्याकडे जायला निघालो होतो आणि बुटाच्या नाड्या बांधत होतो, कारण मंगळवार हा आमचा मोजणीचा दिवस. "भाऊजी, आज येऊ नका," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते लक्षात आल्यासारख्या थांबल्या… "म्हणजे, या. पण मोजायला नका येऊ."

सभेच्या बॅनरवर 'डॉ. प्रल्हाद वाहुळे' असे छापले होते. पीएच.डी. त्याने पंचवीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडली होती. ती शेवटी बॅनरवाल्याने पूर्ण केली. संचालकांनी सांगितले की वाहुळे सरांचा महान शोध लवकरच एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात येतो आहे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे काहींना मध्येच आठवले, त्यामुळे त्या एकदम न थांबता तुकड्यातुकड्यांनी थांबल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्या शोधात तथ्य नाही हे त्या सभागृहात एकट्या मला माहीत होते. का नाही, हेही मलाच माहीत होते, कारण ती चूक माझ्या हातून झाली आहे. प्रल्हादला जाण्यापूर्वी ते कळले होते आणि तो शोध मागे घ्यावा ही त्याची शेवटची इच्छा होती. ती अजून पुरी झालेली नाही. पाच आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे ते त्यासाठी. आठवणी त्या ओघात येतील तेवढ्या येतील.

प्रल्हाद महूचा. आजोबा फौजेत, वडील तिथल्याच एका सरकारी कारखान्यात, आणि हा फिजिक्सचा लॅबवाला मास्तर. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमची ओळख भांडणातून झाली: एक जाड पुस्तक त्याने अकरा महिने परत केले नव्हते. मी तगादा लावायला लॅबमध्ये गेलो, तर पुस्तक एका हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. "दातेजी, हे पुस्तक काढलं तर एक्सपेरिमेंट हलेल," तो शांतपणे म्हणाला. "तुझ्याकडे तरी कोण वाचणार होतं?" हे खरे असल्यामुळे मी दंड माफ केला आणि चहा घेऊन परतलो. पुढची तीस वर्षे तो चहा चालू राहिला.

त्या टेबलावर दोन छोटे दिवे लुकलुकत असत. दोन वेगळी सर्किटे, प्रत्येकाचा आपला ताल, एकाचा किंचित जलद. मध्ये एक नाममात्र जोड, इतकी अशक्त की ती असून नसल्यासारखी. जोड घट्ट असती तर दोन्ही दिवे एका तालात आले असते. ती तशी नव्हती, त्यामुळे ते थोडा वेळ बरोबर चालत आणि मग जलद दिवा निसटून एक पूर्ण ठोका पुढे जाई. या प्रकाराला नॉनलिनियर का म्हणतात, असे मी एकदा विचारले. "मतलब असं, की धक्का दुप्पट दिला म्हणून हलणं दुप्पट नाही होत. कधी काहीच नाही होत, कधी सगळंच उलटं. तू प्रिन्सिपलसाहेबांना अर्जी दिलेली आहेस ना? बस, तेच." माझे एवढेच शिक्षण झाले आणि मला ते पुरले.

त्याचा प्रश्न असा होता. या दोन दिव्यांना प्रत्येकी थोडा नॉइज द्यायचा, म्हणजे रेडिओच्या दोन स्टेशनांच्या मध्ये जी खरखर ऐकू येते तसली, कशाचाही नेम नसलेली वीज. शहाण्या माणसाला वाटेल की आधीच अशक्त असलेली जोड यामुळे पार मोडेल. प्रल्हादचे म्हणणे, की नॉइज अगदी ठराविक प्रमाणात दिला तर जोड उलट टिकते, दिवे कमी वेळा निसटतात. हे त्याने पंचवीस वर्षांपूर्वी एका दुपारी, लॅबमध्ये एकट्याने, डोळ्यांनी बघितले होते. दुसऱ्या दिवशी गाइडना बोलावले तेव्हा ते झाले नाही. त्यानंतर कधीच झाले नाही. "असं होत नसतं, वाहुळे," गाइड म्हणाले होते, आणि जाताना लॅबच्या मुलांसमोर त्याची पाठ थोपटली होती. ती थोपटलेली पाठ तो आयुष्यभर विसरला नाही. पीएच.डी. तिथेच सुटली. दिवे मात्र सुटले नाहीत.

निवृत्तीनंतर तो राऊला मुलीने घेतलेल्या घरात राहायला गेला आणि मागच्या खोलीत ते टेबल मांडले. तोवर मधुमेहाने त्याचे डोळे बरेचसे नेले होते, बोटांची जाणीव नेली होती, आणि आता मूत्रपिंडेही निकामी होत चालली होती. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. दिवे लुकलुकतात एवढे त्याला दिसे, पण कोणता कधी निसटला ते दिसत नसे. म्हणून मला फोन आला. "तू बस तर सही. तुला फक्त बघायचं आहे. एक दिवा दुसऱ्याला टाकून पुढे गेला, की वहीत एक रेघ. समजायचं काही नाही. लायब्ररीत तीस साल तू हेच तर केलंस." मशीन का नाही लावत, असे मी विचारले. तो म्हणाला, मशीन मोजतं भिया, बघत नाही. मला वाटते खरे कारण असे की मशीनशी दोन तास गप्पा मारता येत नाहीत.

तेव्हापासून मंगळवार आणि शनिवार त्याचे झाले. तो आरामखुर्चीत, मी टेबलाशी, दोघांच्या मध्ये वहिनींनी आणून ठेवलेला चहा, त्याचा अर्धा कप, कारण पाणी मोजून प्यायचे. नॉइज तयार करणाऱ्या दोन डब्या होत्या, काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या, प्रत्येक दिव्याला एक. दोन्हींना आपापली चौकोनी बॅटरी. बाहेरची वीज शिरू नये म्हणून हे सगळे शेवेच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवलेले. डब्या दोन कशाला, एकीने भागणार नाही का, असे मी पहिल्याच दिवशी विचारले होते. "नाही ना. महूच्या बसमध्ये दोन अनोळखी माणसं बसली आहेत. खड्डा आला की दोघांची मुंडी एकदम हलते. त्याला दोस्ती म्हणशील? एकच नॉइज दोघांना दिला तर ते एका तालात येणारच, ते तर सगळ्यांना माहीत आहे. मला बघायचं आहे की ज्याचा त्याचा खड्डा वेगळा असताना ते सोबत राहतात की नाही." हे त्याने मला इतक्या स्वच्छपणे सांगितले होते. न समजल्याची सबब माझ्याकडे नाही.

डबा उघडणे, बॅटऱ्या बदलणे हे काम माझे, कारण त्याच्या बोटांना तारेचे टोक कळत नसे. जानेवारीतल्या एका शनिवारी मोजणी चालू असताना एका डबीची बॅटरी संपली. प्रल्हाद खुर्चीतच झोपला होता. डायलिसिसनंतर दोन-दोन दिवस तो असा मध्येच विझायचा. घरात दुसरी बॅटरी नव्हती. मोजणी मध्येच तोडली की सगळा दिवस वाया जातो, हे तो मला नेहमी ऐकवी. त्याला उठवावेसे वाटले नाही. मी त्या डबीच्या तारा दुसऱ्या डबीच्या बॅटरीला जोडून दिल्या, लालला लाल, काळ्याला काळी. डब्या वेगळ्याच होत्या. बॅटरी म्हणजे नुसती वीज. दोन भाडेकरूंची पाण्याची टाकी एक असली म्हणून ते एका घरातले होत नाहीत, असा माझा तर्क. मग ग्रंथपालाच्या सवयीने मी त्या तारा दोऱ्याने नीट बांधून घेतल्या आणि झाकण लावले. तो उठल्यावर सांगायचे असे ठरवले होते. पण तो उठला आणि म्हणाला, "किती?" मी वही बघितली. एरवी तासाला चाळीसच्या आसपास रेघा होत. त्या तासात अकरा होत्या.

तो खुर्चीतून उठला, भिंतीला धरून टेबलापर्यंत आला आणि दिव्यांच्या इतक्या जवळ तोंड नेले की उजेड त्याच्या गालावर लुकलुकताना दिसला. "पुन्हा मोज," तो म्हणाला. मी पुन्हा मोजले. बारा. स्वयंपाकघरातून वहिनी आल्या, कारण हा माणूस रडत होता आणि त्यांना वाटले छातीत दुखते आहे. त्या वेळी मी बॅटरीची गोष्ट काढायला हवी होती. काढली नाही असेही म्हणता येत नाही; मला ती आठवलीच नाही. एखाद्याला पंचवीस वर्षांनी हवे ते मिळाले आहे आणि आपण बाजूला बसलो आहोत, अशा वेळी माणूस तारांचा विचार करत नाही.

सहा आठवडे आकडा टिकला. ती जुनी बॅटरी दोन्ही डब्या कशीबशी ओढत राहिली. त्याने लेख सांगितला, मी टाइप केला, आणि आम्ही तो पाठवला. डायलिसिसच्या खोलीतल्या सगळ्या पेशंटांना, तिथल्या सिस्टरला, आणि ज्याला फिजिक्स हा शब्द उच्चारता येत नव्हता त्या रिक्षावाल्यालाही हा शोध ठाऊक झाला. एप्रिलमध्ये परीक्षकाचे उत्तर आले. लेख चांगला आहे, फक्त एक खुलासा हवा: दोन्ही नॉइजना वीज वेगवेगळी मिळते ना? ती एकाच ठिकाणाहून येत असेल तर तिच्यातून एकीची खरखर दुसरीत पोचेल, नॉइज काही अंशी एकच होईल, आणि मग निष्कर्षात नवे काही उरत नाही. मी हे मोठ्याने वाचून दाखवत होतो. वाचता वाचता मला डब्यातला तो दोरा आठवला. प्रल्हाद हसत होता. "बघ, किती बारीक माणूस आहे. लिही त्याला: होय, दोन्हींना स्वतंत्र बॅटरी आहे. धन्यवाद वगैरे तू टाक." मी लिहिले. धन्यवाद वगैरेही टाकले. आणि पाठवले.

तेव्हाच का नाही बोललो, हे मी स्वतःला रोज विचारतो आणि रोज मला तेच ओशाळवाणे उत्तर मिळते. मला वाटले, आधी गुपचूप बघू. दोन नव्या बॅटऱ्या लावू, आणि आकडा तसाच राहिला तर सांगायची गरजच पडणार नाही. पुढच्या शनिवारी मी खिशातून दोन बॅटऱ्या नेल्या, दोरा कापला, डब्या सुट्या केल्या आणि मोजायला बसलो. तासाला एकोणचाळीस.

खोट्या रेघा मारणे मला जमले नाही, आणि खरे बोलणेही जमले नाही. या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद असते. तिथे मी तीन आठवडे राहिलो. प्रल्हादला वाटले घरात कुठून तरी गडबड शिरते आहे. त्याने पंखा बंद करायला लावला. मग फ्रिज. मे महिन्याच्या उकाड्यात आम्ही घामाने निथळत बसलो होतो आणि स्वयंपाकघरात वहिनींचे दूध नासत होते. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीची वेळ विचारून आला. नॉइज कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. मी रेघा मारत राहिलो. चाळीस, एकेचाळीस, अडतीस. त्याला आकडा सांगताना मी वहीकडे बघत असे, म्हणजे त्याच्याकडे बघावे लागत नसे. त्याला तसे फारसे दिसत नव्हते, हे मला तेव्हा सुचले नाही.

एका गुरुवारी त्याने मला सकाळीच बोलावले. डायलिसिसचा दिवस होता. "आज नाही जायचं. आज होईल. मला अंदाज येतो आहे," तो म्हणाला. वहिनी दारात पिशवी घेऊन तयार उभ्या होत्या. "भाऊजी, तुम्ही तरी बोला यांना. तुमचं ऐकतात." मला एक वाक्य बोलायचे होते. ते बोललो असतो तर तो उठून गेला असता. म्हणजे आधी माझ्यावर चिडला असता आणि मग गेला असता. मी म्हणालो, "एकच तास बसू, मग निघा." तो एक तास चार तासांचा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या छातीत पाणी भरले आणि त्याला दवाखान्यात नेले.

चार दिवसांनी घरी आला तो अर्धा होऊन. अंथरुणावर तो पडलेला होता, मी शेजारी खुर्चीत. मी सांगितले. जानेवारीतला शनिवार, संपलेली बॅटरी, लाल, काळी, दोरा. सगळे सांगून झाल्यावर मी वाट बघितली. तो शिव्या देईल असे वाटले होते. महूच्या शिव्या त्याला चांगल्या येत. तो छताकडे बघत होता.

"नवी होती की जुनी?"

"काय?"

"बॅटरी. दोन्ही डब्या जिच्यावर होत्या ती."

"जुनी."

"मग बरोबर. जुनी बॅटरी दबते. एकीने ओढलं की दुसरीला कळतं." मग तो माझ्याकडे वळला. "दातेजी… त्या दिवशी लॅबमध्ये, पहिल्यांदा दिसलं तेव्हा… नॉइजला वीज देणारा एक सप्लाय रिपेअरला गेलेला होता. मी दोन्ही एकाच सप्लायवर चालवले होते. दुसऱ्या दिवशी गाइडसाहेब येणार म्हणून दुसरा मागून आणला." त्याने डोळे मिटले. "हे मी विसरून गेलो होतो, यार. पंचवीस वर्षं."

मला वाटले होते की माझ्या चुकीने त्याचा शोध गेला. त्या वेळी कळले की शोध कधी नव्हताच. एक दुपार होती, आणि तिच्यावर त्याने सगळे आयुष्य उभे केले होते. माझी चूक आणि त्याची चूक तीच होती; फरक एवढाच की त्याची आधी झाली. यात दिलासा आहे असे कुणाला वाटेल. मला तो अजून सापडलेला नाही. तो सापडला असता तरी त्या गुरुवारचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

त्याने लगेच पत्र लिहायला लावले. लेख मागे घेत आहे, दोन्ही नॉइज स्वतंत्र नव्हते. मी मध्ये घातले: माझ्या सहायकाच्या चुकीमुळे. "सहायक काढ," तो म्हणाला. "चूक कुणाची, हा फिजिक्सचा सवाल नाही." पत्र छापून आणले आणि त्याच्या हातात पेन दिले. पेन त्याच्या बोटांतून निसटले. मी म्हणालो अंगठा दे, दवाखान्यातही आता घेतातच. त्याने माझ्याकडे असे बघितले की मी शाईचा पॅड खिशात घातला. त्याचे आजोबा फौजेत भरती होताना अंगठा लावून गेले होते आणि तिथे सही शिकले. नंतर पेन्शनच्या कागदावर कारकुनाने सवयीने पॅड पुढे केला तर त्यांनी तो उचलून खिडकीबाहेर टाकला होता. "आमच्या घरात अंगठा तेव्हाच बंद झाला," प्रल्हाद म्हणाला. "सही करीन मी. हात ठीक असेल त्या दिवशी." शनिवारी एक प्रयत्न केला, रविवारी दोन. सोमवारी डायलिसिसनंतर अंगात त्राण नव्हते. "उद्या," तो म्हणाला. "उद्या तू येशीलच ना मोजायला." मी येतो म्हणालो. काय मोजायचे ते दोघांनीही विचारले नाही.

पत्र मी तो गेल्यानंतर, झाला प्रकार कळवून, बिनसहीचेच पाठवले. आठवड्याने उत्तर आले. वाहुळे यांच्या निधनाबद्दल तीव्र दुःख. लेख मागे घेण्यासाठी मात्र लेखकाची सही आवश्यक. ती नसल्यास लेख पुढच्या अंकात, नावाभोवती काळी चौकट टाकून, श्रद्धांजली म्हणून प्रसिद्ध होईल. कॉलेज त्याची प्रत मोठी करून भिंतीवर लावणार आहे. वहिनींना मी सगळे सांगितले, त्या गुरुवारसह. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी चहा केला आणि पूर्ण कप भरून दिला, आणि तो मला संपवता आला नाही.

मागची खोली त्यांनी तशीच ठेवली आहे. टेबलाच्या खणात ते तीन कागद आहेत. पहिल्यावर नुसती एक उभी ओढ, दुसऱ्यावर 'प्र', तिसऱ्यावर 'प्रल्हा' इथपर्यंत पोचलेली अक्षरे, आणि तिथून पेन उतरणीला लागल्यासारखे कागदाच्या कडेपर्यंत गेलेले. त्याची सही मला येते. तीस वर्षे लायब्ररीच्या कार्डांवर बघितली आहे. मी केली तर ती बँकेतही चालेल. त्या खणाशी मी दोनदा बसलो, एकदा पेन उघडूनही. पण त्याच्या नावावर माझ्या हाताने आधीच एक गोष्ट घडलेली आहे.

म्हणून ते इथे जाहीर करतो. प्रल्हाद वाहुळे याच्या लेखातला निष्कर्ष चूक आहे. दोन्ही नॉइज स्वतंत्र नव्हते. डब्या दोन होत्या, बॅटरी एक होती, आणि ती मी जोडली होती. हे लेखकाला मृत्यूपूर्वी समजले होते आणि त्याने लेख मागे घेतला होता.

हे सगळे मी त्या बिनसहीच्या पत्राची पुरवणी म्हणून नियतकालिकाच्या संपादकांना पाठवणार आहे. त्यांच्या कचेरीत मराठी कोणालाही येत नाही.